पाओचूच्या गाडीची कटकट

लीश्वे: आणि हे सीताफळ देवाच्या ताटात कुणी ठेवलं?

मूशान: कुठलं सीताफळ?

लीश्वे: कुठलं म्हणे! हे काय, कोंबडीच्या शेजारी नवरदेवासारखं बसलंय. आज चांद्र महिन्याचा सोळावा दिवस, भूमीआजोबांची पूजा. या घरात पाऊल टाकलं त्याच दिवशी तुझ्या आईनं मला बजावलं होतं, सूनबाई, ताटात काय वाट्टेल ते ठेव, पण सीताफळ ठेवू नकोस. बुद्धाच्या डोक्यासारखं दिसतं ते. आणि तिचा मुलगा खुशाल ठेवून मोकळा!

मूशान: विसरलो. घाईत होतो.

लीश्वे: घाईत? अरे, पूजेच्या ताटाला तू आजवर कधी हात लावलास? नुसती उदबत्ती लाव म्हटलं तर ग्रीसचे हात नाचवून दाखवतोस. आणि आज फळं धुऊन, पुसून, मांडून!

मूशान: चांगली होती, म्हणून ठेवली.

लीश्वे: चांगली असणारच. पाओचूच्या बागेतली ना?

मूशान: हो. गाडी ठेवायला आली होती सकाळी. तू बाजारात गेली होतीस.

लीश्वे: मी बाजारात गेले की बरोबर येते ती. काय झालंय गाडीला?

मूशान: तेच आपलं. वळवली की चाकातून कट-कट वाजतं.

लीश्वे: डाव्या?

मूशान: डाव्या.

लीश्वे: पुन्हा?

मूशान: पुन्हा म्हणजे काय? तिचा रस्ता बघितलायस का तू? नदीच्या पात्रातून वर बागेपर्यंत नुसते धोंडे. एक्सलवरचा रबरी बूट फाटतो, ग्रीस उडून जातं, आत वाळू शिरते. तिथं कुणाचीही गाडी वाजेल. त्यात ही एवढी जुनी. बिचारी.

लीश्वे: बिचारी कोण? गाडी?

मूशान: उगाच सुरू करू नकोस, लीश्वे. दिवा धर, बघू दे मला.

लीश्वे: धरते की. बघू दे मलाही. हां, इथं फाटलाय, घडीवर. सगळं ग्रीस चाकाच्या आतून उडालंय. थांब, थांब. ही उभी रेघ कसली?

मूशान: कुठं?

लीश्वे: बुटावर. वरपासून खालपर्यंत. मूशान, हा चिकटवलेला बूट आहे.

मूशान: असेल.

लीश्वे: असेल? तुझ्या हातानं लावलेला बूट आणि तू म्हणतोस असेल?

मूशान: त्या वेळी घाई होती तिला. फळांचा ट्रक थांबला होता. चिरलेला बूट एक्सलवर गुंडाळला, गोंद लावला, पट्ट्या आवळल्या, झालं. एक्सल बाहेर काढायची गरज नाही, काही नाही.

लीश्वे: गेल्या महिन्यात शाळेतल्या चिउ मास्तरांनी चिकटवायचा बूट मागितला, तेव्हा काय बोलला होतास? सांगू? "मास्तर, एक्सल बाहेर काढीन, जॉइंट धुईन, नवं ग्रीस भरीन, अख्खा बूट चढवीन. चिकटवाचिकटवी हवी असेल तर दुसरं गॅरेज बघा." तो बापडा माणूस लाल होऊन गेला. तेव्हा चिकटवणं म्हणजे फसवणूक होती ना?

मूशान: मास्तरांना पगार आहे. हिला एकटीला बाग सांभाळायची असते. म्हटलं, खर्च वाचेल तिचा.

लीश्वे: एकटी तर गिरणीजवळची म्हातारी लिनही आहे. तिच्या गाडीचा एक्सल तू अख्खा उतरवलास. तिला नाही सवलत? की तोंडात दात असलेल्यांनाच असते ती?

मूशान: काहीतरीच बोलू नकोस.

लीश्वे: काहीतरी? मागच्या पिंपात मला आणखी तीन सापडलेत. तिन्ही फाटलेले, तिन्ही चिकटवलेले, तिन्ही हिच्याच मापाचे.

मूशान: तू माझा कचरा धुंडाळतेस?

लीश्वे: या घरातला कचरा कोण टाकतं, ते तरी माहितीय का तुला? चोराच्या मनात चांदणं! काढ तो बूट. आत काय झालंय ते बघू दे.

मूशान: काढला. बघ.

लीश्वे: हे ग्रीस आहे की चिखल? बोटावर चोळ. करकरतंय की नाही?

मूशान: करकरतंय थोडं.

लीश्वे: थोडं! ही आतली पोलादी गोळी बघ, खड्डा पडलाय तिला. खाचेची कडसुद्धा खाल्लीय. मेलाय हा जॉइंट, मूशान. नवीन बुटानं काय होणार आता? मेलेल्याला नवा सदरा घालणार तू?

मूशान: अजून दोन-तीन महिने सहज काढेल.

लीश्वे: म्हणजे अजून एक फेरी. मग एक नवा चिकटबूट, मग अजून दोन महिने, अजून एक फेरी. हेच चाललंय ना? आणि चढावर, सीताफळांनी गाडी भरलेली असताना हा फुटला म्हणजे? चाकाचा जोर गेला, गाडी मागं घरंगळली, खाली नदी. तुझ्या मायेपायी मरेल ती एक दिवस!

मूशान: असं म्हणू नकोस.

लीश्वे: मग तू सांग. एकदा तोंडानं सांगून टाक. चांगला कारागीर आहेस, सगळ्या खोऱ्यात तुझ्यासारखा हात नाही, हे मीच लोकांना सांगत फिरते. मग हिचंच काम कच्चं का?

मूशान: काय सांगू?

लीश्वे: खरं सांग.

मूशान: खरं सांगितलं तर तू हातातला पाना फेकून मारशील.

लीश्वे: नाही मारत. हा बघ, खाली ठेवला.

मूशान: गाडी वाजत आली की बरं वाटतं मला. बस. एवढंच आहे. त्यापुढं काही नाही, भूमीआजोबांची शपथ.

लीश्वे: बरं वाटतं.

मूशान: ती बसते, चहा घेते. विचारते, दादा, हे काय, ते कशाला असतं. मी सांगतो. ऐकून घेते. कोण ऐकतं माझं हल्ली? मुलगी फोनवर दोन वाक्यांत उरकते. गिऱ्हाईक म्हणतं, किती झाले आणि कधी मिळेल. तू तर काही विचारतच नाहीस.

लीश्वे: मी कशाला विचारू? मला माहीत आहे म्हणून विचारत नाही! कुणाकडून शिकले मी हे सगळं? तुझ्याकडूनच ना? शिकले, हा गुन्हा झाला का माझा?

मूशान: तसं नाही म्हणत मी.

लीश्वे: तसंच म्हणतोयस. मागच्या खेपेला मी पडद्यामागं भाजी निवडत होते. सगळं ऐकलंय मी. जुना जॉइंट हातात घेऊन तू तिला सांगत होतास, "हे बघ, एका पिंजऱ्यात सहा गोळ्या. चाक डावीकडं वळो, उजवीकडं वळो, खड्ड्यात जावो, आतलं फिरणं एकसारखं राहतं. अडखळत नाही." आणि ती म्हणाली, अगं बाई!

मूशान: मग त्यात काय? गाडीबद्दलच बोलत होतो.

लीश्वे: हेच तू मला सांगितलं होतंस. शब्दन् शब्द. लग्नाआधी, तुझ्या मालकाच्या गॅरेजमागं, तेलाच्या डब्यावर बसून. मीही म्हणाले होते, अगं बाई. मला वाटलं होतं, हा माणूस गाडीबद्दल बोलतोय पण सांगतोय दुसरंच काही. त्या सहा गोळ्यांवर भुलून मी तुझ्याशी लग्न केलं, मूशान. आईनं शिक्षकाचं स्थळ आणलं होतं, ते मोडलं.

मूशान: मला आठवत नाही, मी तुला काय सांगितलं होतं.

लीश्वे: तेच तर. तुला आठवत नाही, आणि तिला सांगताना एक शब्द चुकला नाहीस.

मूशान: बरं. चुकलं माझं. संध्याकाळी तिला फोन करतो, सांगतो जॉइंट गेलाय, सामान मागवावं लागेल, आठवडाभरानं ये.

लीश्वे: आठवडाभरानं कशाला? सामान आलंय.

मूशान: कुठनं आलं?

लीश्वे: ताइतुंग शहरातून. गेल्या खेपेला ती हसत हसत गाडी घेऊन गेली ना, त्याच दुपारी मी सामानवाल्याला फोन केला होता. जॉइंटसकट अख्खा एक्सल आहे. ती बघ लांब पेटी, टायरांच्या मागं. आणि हे काम आज मी करणार.

मूशान: तू?

लीश्वे: का? मधल्या वर्षी तुझी कंबर धरली होती, तेव्हा चार महिने हे गॅरेज कुणी चालवलं? तुझ्या वाजणाऱ्या बाईनं?

मूशान: हळू. आली बघ ती.

पाओचू: मालकीणबाई! मूशानदादा! झाली का माझी म्हातारी बरी? मी आपली चालतच आले देवळापर्यंत, म्हटलं ऊन उतरायच्या आत घरी पोचावं. दोन्ही कुत्री उपाशी आहेत, आणि ती माकडं! आज सकाळी एका माकडानं पिशवी बांधलेलं फळ सोडून खाल्लं, गाठ सोडून हो! माणसाला जमत नाही इतकी सुबक सोडली.

लीश्वे: या, पाओचू. माकडांना काय, दुसऱ्याच्या बागेतलं गोडच लागतं.

पाओचू: खरंय बाई. सीताफळं बघितली का? तुमच्यासाठी मऊ बघून आणली होती.

लीश्वे: बघितली. देवासाठीच आणलीत असं वाटलं होतं क्षणभर.

पाओचू: देवाला? छे छे! सीताफळ देवाला कोण ठेवतं?

लीश्वे: ऐकलंस, मूशान? सगळ्या गावाला माहितीय.

मूशान: पाओचू, तुमच्या गाडीचं काम जरा मोठं निघालंय. चाकाजवळचा जॉइंट गेलाय. नुसत्या बुटानं भागणार नाही.

पाओचू: अरे देवा. मागं तर म्हणाला होतात, चिकटवून चालेल.

मूशान: तेव्हा चालत होतं.

लीश्वे: तेव्हाही चालत नव्हतं. आमच्या गॅरेजची चूक आहे, म्हणून एक पैसा घेणार नाही मी तुमच्याकडून. अख्खा एक्सल बदलते.

पाओचू: अहो, फुकट कसं? मला रात्री झोप नाही यायची. आणि घाई काय? पुढच्या वेळी करू. दादा करतील सावकाश.

लीश्वे: नाही. आज, आणि मी करणार. दादा तुम्हाला चहा पाजतील. सगळं गाव ह्याला मालक म्हणतं, तुम्हीच तेवढ्या दादा म्हणता. भावानं बहिणीला चहा पाजू नये का? जा रे, तो डोंगरावरचा चहा काढ. पाहुण्यांसाठी ठेवलेला. मला कधी दिला नाहीस तो.

मूशान: लीश्वे...

लीश्वे: जा म्हटलं ना. मन लावून पाज. मला जरा वेळ लागेल.

(मूशान आणि पाओचू पुढच्या पडवीत चहाला बसतात. लीश्वे गाडीखाली एकटी. समोरच्या भिंतीवर भूमिदेवाचं छोटं देवघर.)

लीश्वे: हं. आता तुम्ही आणि मी, भूमीआजोबा. ताटातलं सीताफळ काढलंय, रागावू नका. उदबत्ती मघाशीच लावली, तुमचे कागदी पैसे संध्याकाळी जाळीन. आधी हा मधला नट. ये रे बाबा, ये सोन्या. बारा गावचं पाणी प्यायलायस तू, सरळपणानं थोडाच सुटणार! हां, सुटला.

पाओचू: मालकीणबाई, चहा घ्यायला येता का? फार सुगंधी आहे हो!

लीश्वे: घ्या तुम्ही! माझे हात भरलेत!

पाओचू: दादा म्हणतात, दुसऱ्यांदा पाणी ओतलं की जास्त चव येते!

लीश्वे: येत असेल! ऐकलंत ना, आजोबा? दुसऱ्यांदा जास्त चव येते. चहा कसा ओतायचा तेही शिकवतोय तो तिला. शिकव, शिकव. थांबा, खाली परात ठेवते, गिअरचं तेल सांडेल नाहीतर. आला. निघाला बाहेर सरळ. बघा कसा ढिला झालाय, हातात धरला तरी लटलट हलतोय. असल्या सांध्यावर ती बाई रोज तो चढ चढत होती.

लीश्वे: खोटं कशाला बोलू तुमच्यापुढं? जळफळाट होतोय माझा. बाई वाईट नाही, हेच वाईट आहे. दुष्ट असती तर चार शिव्या हासडल्या असत्या, मोकळी झाले असते. ही मला मऊ बघून फळं आणते! आणि याचं तरी काय, हात धरला नाही, काही नाही. एक जॉइंट नादुरुस्त ठेवला फक्त. पण मूशाननं कधी कुठलं काम नादुरुस्त ठेवलं होतं का, आजोबा? तुम्ही इथंच बसलेले असता, तुम्हीच सांगा. बापाचा अंत्यविधी होता तेव्हासुद्धा आधी दुसऱ्याचा ब्रेक पुरा केला होता त्यानं. तो माणूस तिच्यासाठी चार वेळा वाईट काम करतो. माझ्यासाठी एकदाही केलं नाही.

लीश्वे: हसतायत. काय एवढं हसण्यासारखं असतं? माकडाचीच गोष्ट असेल. मला सांगितली तेव्हा मी हसले नाही, म्हणून त्याला परत सांगतेय. घाल, लीश्वे, हातोडा घाल. बस्स. बसला आत. टक् करून आवाज आला, म्हणजे कडी बसली.

पाओचू: झालं का हो? ऊन उतरलं की!

लीश्वे: झालं! या आता! चाकं चढवली, तेल भरलं. बसा गाडीत आणि त्या देवळापुढच्या चौकात जाऊन स्टिअरिंग पूर्ण वळवा. आधी डावीकडं, मग उजवीकडं. मी इथंच उभी राहून ऐकते.

मूशान: मी जातो तिच्याबरोबर.

लीश्वे: तू इथंच थांब. तिला गाडी चालवता येते.

मूशान: आवाज नाही.

लीश्वे: नाहीच येणार.

मूशान: उजवीकडंही नाही. लोण्यासारखी वळतेय.

लीश्वे: मग चेहरा का पाडलास? गिऱ्हाइकाची गाडी बरी झाली.

पाओचू: मालकीणबाई, कमाल केलीत! काहीसुद्धा वाजत नाही. इतकी सवय झाली होती त्या कटकटीची, की आता ओकंओकं वाटतंय. कुत्री मला आवाजावरून ओळखायची, आज भुंकतील माझ्यावर.

लीश्वे: भुंकतील दोन दिवस. मग सवय होईल त्यांनाही.

पाओचू: आणि आता हे किती दिवस टिकायचं?

लीश्वे: पत्रा गंजून गळून पडेल, पण हे जायचं नाही. तुम्ही निर्धास्त राहा.

पाओचू: म्हणजे दादांच्या हातचा चहा गेला म्हणायचा माझा!

लीश्वे: चहाला काय, चहा कुठंही मिळतो.

पाओचू: ते खरं. बरं, निघते हं. दादा, येते. मालकीणबाई, तुमचे उपकार कसे फेडू? फळं पाठवीन, नाही म्हणायचं नाही.

लीश्वे: पाठवा. सावकाश जा. पात्रात पाणी आहे अजून.

मूशान: गेली.

लीश्वे: गेली. पाणी दे मला, हात धुवायचेत.

मूशान: तू चांगलं काम केलंस. खरंच. मी केलं असतं तर पट्टी जरा उलट्या बाजूनं वळवली असती, बाकी काही नाही.

लीश्वे: वळवली असतीस, तर मी काढून परत सरळ केली असती.

मूशान: उजव्या बाजूचा बूट मात्र जुनाच आहे तिचा. तडे गेलेत त्याला. वादळांचे दिवस संपले की एकदा बोलावून घेऊ.

लीश्वे: उजवाही बदलला.

मूशान: कधी?

लीश्वे: तुमचा चहा चालला होता तेव्हा.

मूशान: पण पेटी तर एकच होती.

लीश्वे: दुसरी जिन्याखाली होती.

मूशान: दोन्ही बाजूंचे एक्सल? एवढा वेळ? मला कळलंसुद्धा नाही.

लीश्वे: दुसरं चाक उतरवलं, ते हातातून सुटून जमिनीवर आपटलं. हातोडा घातला. गिअरचं तेल परातीत भडभडा पडलं. समोर पडवीतच बसला होतास तू. वीस पावलांवरून गाडीचा आवाज ऐकून कुठला नट ढिला आहे ते सांगणारा माणूस, तुला काहीही ऐकू आलं नाही.

मूशान: लीश्वे.

लीश्वे: मी मुद्दाम हळू केलं नाही काही. उलट वाटत होतं, ऐकेल, येईल, विचारेल, काय करतेयस म्हणून. येऊन दिवा तरी धरेल.

मूशान: मग आता ती कशाला येईल इथं?

लीश्वे: तेच बघायचंय मला. गाडी वाजत नसताना आली, की मला कळेल.

मूशान: आणि नाही आली तर?

लीश्वे: तर तुला कळेल.